मोटेवरचं इंग्रजी

सरकारी शेती, धुळे
ता. ३ डिसेंबर १९२८

राजश्री छगनभाऊ यांस वना झुलाल याचा रामराम.

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे, तेव्हा बायकोचा भाऊ म्हणून तुम्हाला काळजी वाटणारच. वाटू देऊ नका. प्रकृती ठणठणीत आहे. मला एक गोष्ट हवी आहे, पण ती दागिन्यासारखी पेटीत ठेवण्यातली नाही. मला इंग्रजी हवं आहे.

आमचे मुकादम म्हातारपणामुळे काम सोडून पिंपळनेरला गेले. त्यांची जागा रिकामी आहे. नवा साहेब विलायतेहून थेट इथेच उतरलेला, त्याला आपली भाषा येत नाही. तो म्हणतो, मुकादमाला लिहिता-वाचता येवो न येवो, पण कुठली वस्तू कुठे आहे, गडी कुठे गेला, पाणी कुठवर पोचलं, एवढं इंग्रजीत सांगता आलंच पाहिजे. एप्रिलात तो स्वतः परीक्षा घेणार आहे.

मुकादमाला विहिरीजवळची खोली मिळते. पक्क्या भिंती, दाराला कुलूप आणि पुढे निंबाचं झाड. आम्ही गडी कडब्याच्या गंजीशेजारच्या छपरात निजतो, तिथे बायकोला कसं आणणार? आबांनी तर तोंडावर सांगितलं होतं, "खोली भेटाव तवय पोरले धाडसू." सासरा चुकीचं बोलला असंही मला म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे.

परवा साहेबाने विचारलं, नवा नांगर कुठे? तेवढं मला कळलं. मी लांबच्या वावरातल्या छपराकडे हात केला आणि म्हणालो, "हिअर." साहेबाने आधी माझ्या पायाशी पाहिलं, मग स्वतःच्या पायाशी पाहिलं. शेजारची मोट हाकणारा हाशम अजून हसतो आहे, आणि त्याला तर माझ्याइतकंही इंग्रजी येत नाही.

तुम्ही इंग्रजी पाचवी शिकलेले, वकिलाचे कारकून. पत्रातून शिकवा. आबांना दंडवत, बाकी सगळ्यांना यथायोग्य.

आपला,
वना

*

जळगाव
ता. ९ डिसेंबर १९२८

पाहुणे वनाभाऊ यांस छगनचा रामराम.

तुमचं पत्र घरात मोठ्याने वाचलं, कारण आपल्या घरात आलेलं प्रत्येक पत्र आबांपुढे मोठ्याने वाचावं लागतं. नांगराच्या ठिकाणी आबा मिशीत हसले. म्हणाले, "तो काय करस तठे? बैल हाकस. आते साहेबले हाकी का?"

आता धडा. तुम्हाला आठे आणि तठे जन्मापासून येतं, फक्त त्यांचे इंग्रजी सदरे ओळखा. हिअर म्हणजे आठे, देअर म्हणजे तठे. बोलणारा उभा असेल तेवढी जागा हिअर, उरलेलं जग देअर. नांगर तुमच्या हाताच्या टोकाकडे होता, पायाशी नव्हता, म्हणून तो देअर.

दुसरं. हे शब्द पोट भरून आलेले असतात, त्यांच्या मागे-पुढे 'टू' लावायचा नाही. आपण 'घरी जा' म्हणतो, 'घरीला जा' म्हणत नाही. तसं 'गो होम', 'कम हिअर'. जेवून आलेल्या पाहुण्याला पुन्हा पानावर बसवू नये.

तिसरं. इनसाइड म्हणजे आत, आउटसाइड म्हणजे बाहेर. अवे म्हणजे इथे नसलेला, मग तो चाळीसगावला असो की काशीला. अप म्हणजे नुसतं वर, आणि अपस्टेअर्स म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावर.

सरावाला पाच वाक्यं देतो. उत्तरं लिहून पाठवा.
व्हेअर आर यू?
आर यू इनसाइड ऑर आउटसाइड इन द कोल्ड?
समबडी इज अपस्टेअर्स.
शी लुक्स देअर.
शी इज हिअर, बट यू आर अवे.

वाक्यं कशी सुचली ते विचारू नका. कारकुनाला शंभर कामं असतात.

आपला,
छगन

*

धुळे
ता. ६ जानेवारी १९२९

छगनभाऊ मास्तरांस रामराम.

उशीर झाला, कारण मी अभ्यास करत होतो. उत्तरं घ्या. पहिल्याचं, 'आय ॲम हिअर.' दुसऱ्याचं, 'आउटसाइड.' तिसरं वाक्य मात्र खोटं आहे. तुमचं घर धाब्याचं. त्याला वरचा मजला नाही आणि जिनाही नाही, निसण लावून चढावं लागतं. धाब्यावर मिरच्या वाळत घालतात, तिथे कोणी अपस्टेअर्स कसं असेल? साहेबापुढे असं खोटं बोललो तर मुकादमी गेलीच. वाक्य खोडून टाका.

चौथ्या आणि पाचव्या वाक्यात 'शी' आहे. शी म्हणजे ती, हे मला ठाऊक आहे. पण ती कोण ते सांगितलेलं नाही. मी म्हैस समजून अर्थ लावला. म्हैस इथे आहे आणि तिकडे बघते आहे. बरोबर आहे का?

सराव मी मोटेवर करतो. दिवसभर तेच काम, आणि बैलांशी बोलावं लागतंच, तर इंग्रजीत बोललो. मोऱ्या आणि चांद्या धावेच्या उतारावरून उतरू लागले की मी ओरडतो, 'फॉरवर्ड'. विहिरीकाठच्या थारोळ्यात पाणी पडलं की 'बॅक', मग ते मागच्या पावलांनी धाव चढतात. पण इथे एक अडचण आहे. बैल खाली जातात तेव्हा मोट वर येते, आणि बैल वर येतात तेव्हा मोट खाली जाते. मग मी अप म्हणू की डाउन?

हाशम म्हणतो, याला भूतबाधा झाली आहे.

आपला,
वना

*

वकिलांची कचेरी, जळगाव
ता. १२ जानेवारी १९२९

पाहुणे,

हे पत्र कचेरीतून टाकतो आहे आणि त्यात कोणताही मानपान लिहीत नाही, कारण तुम्ही त्या लायकीचे राहिला नाहीत.

म्हैस? अहो, ते पत्र मी आबांपुढे मोठ्याने वाचलं, आणि दाराआड उभं असलेलं माणूस तडक निसण चढून धाब्यावर गेलं ते दिवेलागणीपर्यंत खाली आलं नाही. दोन दिवस माझ्या भाकरीवर ठेचा नव्हता. गुन्हा तुमचा आणि शिक्षा मला.

आता स्पष्ट लिहितो. ती पाचही वाक्यं सुंदरबाईने केलेली आहेत. मी तुमच्यासाठी धडा लिहायला बसलो की ती शेजारी येऊन निवडण-टिपण करत बसते. मी एकदा सांगतो, ती दोनदा विचारते, आणि आता माझ्याच चुका काढते. धाब्यावर बसलं की स्टेशनाचा रस्ता दिसतो. मिरच्या राखायचं निमित्त करून ती तिथे बसते आणि धुळ्याच्या बाजूला बघते. शी म्हणजे कोण, ते आता तरी कळलं का?

माहेरी बसलेल्या पोरीने नवऱ्याला पत्र टाकलं तर आबा घर डोक्यावर घेतील. पण एक मला आढळलं. पत्र वाचताना इंग्रजी वाक्यं आली की आबा म्हणतात, "पुढे जाय." त्या ओळींना आपल्या घरात जकात नाही. तेव्हा जे मनातलं असेल ते इंग्रजीत लिहा, म्हणजे दोन्ही कामं होतील.

अप-डाउनचं उत्तर सोपं आहे. ज्याच्याकडे बघत असाल त्याचं बोला. मोटेकडे बघत असाल तर अप, बैलांकडे बघत असाल तर डाउन. मात्र रेल्वेचं ऐकू नका, ते लोक समुद्राकाठच्या मुंबईला जाणाऱ्या गाडीलासुद्धा अप म्हणतात.

तिळगूळ सोबत आहे. आबांनी पाठवायला सांगितला म्हणून गोड आहे. तिने बांधला म्हणून घट्ट बांधलेला आहे, सोडताना नखं मोडतील.

छगन

*

धुळे
ता. २० फेब्रुवारी १९२९

छगनभाऊ यांस रामराम, आबांना दंडवत.

आपलं पत्र पावलं. माझी अक्कल मोटेबरोबर विहिरीत गेली होती, ती वर काढली. सराव पुढे चालू आहे, तो पाहावा.

हिअर इज अ वेल. हिअर इज अ नीम ट्री. देअर इज द रूम. आय गो देअर एव्हरी डे अँड लुक इनसाइड. नोबडी इज इनसाइड. आय ॲम व्हेरी सॉरी. शी इज नॉट अ बफेलो.

आता मराठीत. मधे मी भडगावला चुलत्याच्या वर्षश्राद्धाला दोन दिवस गेलो होतो. माझी मोट हाशमने धरली. बैल धावेच्या खालच्या टोकाला जाऊन उभे राहिले ते मागे सरकेनात. हाशमने नेहमीची हाळी दिली, चुचकारलं, शेपट्या पिळल्या, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी चिडून माझी नक्कल करत ओरडला, "ब्याक!" दोघे शहाण्यासारखे मागे आले. परतल्यावर त्याने मला धरलं. म्हणाला, "तुझे बैल बाटले, वना. हे आता आपल्यातले राहिले नाहीत."

सवयच लागली त्यांना. दोन-अडीच महिने दुसरं काही ऐकलेलंच नाही. आता माझ्या जागी कोणीही मोटेवर बसला तरी त्याला ते दोन शब्द शिकावे लागणार, म्हणून बाकीचे गडी माझ्यावर डाफरतात.

परीक्षेची धास्ती वाटते. बैलांपुढे मी घडाघडा बोलतो. साहेब पुढे आला की जीभ टाळूला चिकटते.

आपला,
वना

*

वकिलांची कचेरी, जळगाव
ता. १० मार्च १९२९

पाहुणे वनाभाऊ,

म्हैस नाही हे तुम्ही मान्य केल्याचं कळवलं. ठेचा पुन्हा सुरू झाला.

पण बातमी वाईट आहे, म्हणून पुन्हा कचेरीतूनच लिहितो. काल आबा जेवता जेवता म्हणाले, "आखाजीलोंग वाट देखसू. खोली नही भेटनी तं जवाईनी आठे येवानं, सरकीना दुकानवर बसानं." म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत खोली मिळाली नाही तर घरजावई. आबांच्या मनात खोट नाही. दोन वर्षं लेक घरात बसलेली बघून त्यांना त्रास होतो. शेजारी विचारतात आणि ते खोकल्याचं सोंग करतात. पण तुम्ही सरकीच्या पोत्यावर बसून आबांचा हुकूम ऐकता आहात, असं चित्र मी डोळ्यांपुढे आणलं, आणि माझ्याने जेवण पुरं झालं नाही.

मी सुंदरबाईला विचारलं, तुझं काय म्हणणं? आज सकाळी तिने पाटीवर दोन वाक्यं लिहून ती माझ्या कोटाखाली ठेवली होती. मी एक अक्षरही बदललं नाही, तसंच उतरवतो.

डू नॉट कम हिअर. आय विल कम देअर.

इतक्या दिवसांच्या शिकवणीत हिअर आणि देअर इतके जागच्या जागी मी स्वतःही कधी वापरले नव्हते. आता जीभ टाळूला चिकटवून चालणार नाही.

छगन

*

धुळे
ता. २१ एप्रिल १९२९

छगनभाऊ यांस रामराम, आबांना साष्टांग दंडवत. हे पत्र आबांना सगळंच्या सगळं वाचून दाखवावं.

परीक्षा गुरुवारी झाली. साहेबाने निंबाखाली खुर्ची टाकली. आम्ही पाच जण रांगेत उभे. पलीकडे विहिरीवर माझी मोट जुंपलेली होती आणि हाशम तिच्याजवळ उभा होता. बैल नुकतेच धावेच्या खाली पोचून थांबले होते.

पहिले तीन प्रश्न सुटले. विहीर कुठे, छप्पर कुठे, गडी आत आहे की बाहेर. मग साहेबाने एक लांबलचक प्रश्न भरभर विचारला. त्यातलं मला 'व्हेअर' तेवढं ऐकू आलं. डोळ्यांपुढे सरकीची पोती दिसू लागली. आबांनी राग मानू नये, पण दिसली खरी.

साहेबाने मान हलवली आणि मला रांगेत परत जायला सांगितलं. मोठ्याने म्हणाला, "गो बॅक."

मी मागे फिरलो नाही. माझे पाय जागचे हलेनात. पण मोऱ्या आणि चांद्या हलले. साहेबाचा आवाज ऐकून दोघे कान टवकारून मागच्या पावलांनी धाव चढले, आणि मोट धपकन विहिरीत पडली.

साहेब खुर्चीतून उठला. बैलांकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. विहिरीजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "फॉरवर्ड." बैल उतरले, मोट वर आली, थारोळ्यात पाणी पडलं आणि अर्धं साहेबाच्या बुटांवर गेलं. त्याने पुन्हा 'बॅक' म्हटलं. बैल मागे आले. हा खेळ साहेबाने चार वेळा केला. मग विचारलं, हे कोणी शिकवलं? हाशमने मला दंडाला धरून पुढे आणलं आणि म्हणाला, "हिअर, साहेब." माणूस हाताशी होता, हिअर अगदी बरोबर होतं. हाशम नुसतं ऐकून शिकला होता.

साहेब मला म्हणाला, सांग. आणि छगनभाऊ, माझी जीभ सुटली. मोटेकडे तोंड करून मी बोलू लागलो. 'द बुलॉक्स गो डाउन, द वॉटर कम्स अप. द बुलॉक्स गो बॅक.' पाणी पाटातून कुठे जातं, गहू कुठे, ऊस कुठे, सगळं हात करकरून सांगितलं. थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. 'द रूम इज देअर. माय वाइफ इज अवे. शी वॉन्ट्स टु कम होम.' हे कोणी विचारलं नव्हतं.

साहेबाने वळून कुलूप लावलेल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हेअर इज शी?"

मला जळगाव म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "नॉट हिअर, साहेब." एवढंच बोललो आणि मला रडू आलं. पाच-पंचवीस गड्यांपुढे रडलो. लाज वाटली नाही.

किल्ली माझ्याकडे आहे. करगोट्याला बांधली आहे. साहेबाने एक अट घातली आहे. बैल आता मराठी ऐकत नाहीत, तेव्हा सगळ्या गड्यांना ते दोन शब्द मीच शिकवायचे.

आपला,
वना, मुकादम

*

जळगाव
ता. २७ एप्रिल १९२९

मुकादमसाहेब वनाभाऊ यांस छगनचा त्रिवार रामराम.

पत्र वाचलं. 'द रूम इज देअर' पाशी आलो आणि नेहमीप्रमाणे ओलांडून पुढे जाऊ लागलो. आबांनी हात वर केला. म्हणाले, "थांब. ते काय शे, सांग."

मी मराठीत सांगितलं. खोली तिकडे आहे. माझी बायको दूर आहे. तिला घरी यायचं आहे.

आबांनी पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "बैल पास व्हयनात, जवाई नही." बैल पास झाले एवढं म्हणणं हेही त्यांच्या तोंडून फार मोठं कौतुक आहे, तुम्ही तसंच समजा.

मग मला म्हणाले, "इतला दिन मी पुढे जाय म्हने, ते काय माले समजे नही म्हनीसन?"

मी खाली बघितलं. वनाभाऊ, आपण दोघे आबांच्या डोळ्यांत धूळ टाकतो आहोत अशा समजुतीत होतो आणि आबा स्वतःच डोळे मिटून बसले होते. लेक धाब्यावर कशाला चढते हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते अंगणातच तर बसलेले असतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याचा हंडा आणला, जात्याला टाकी लावून घेतली आणि सुंदरबाईला सांगितलं, "आखाजी व्हऊ दे बेटा, मी सोता पोचाडसू." आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतील, झोके बांधतील, आणि आमची त्यानंतर निघेल. चाळीसगावला गाडी बदलून दोघं धुळ्याला येतील. स्टेशनावर बैलगाडी आणा, आणि जुंपायचे बैल मराठी कळणारे असू द्या. आबांपुढे घोटाळा नको.

आपला,
छगन

*

सरकारी शेती, धुळे
ता. १६ जून १९२९

प्रिय छगनभाऊस सुंदरचा नमस्कार.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे आणि तू ते आबांपुढे मोठ्याने वाच. आता लपवण्यासारखं काही नाही.

खोली लहान आहे. चूल आत मांडली, जातं बाहेर निंबाखाली. हंडा कोपऱ्यात बसला. आबा दोन दिवस राहिले ते तुला त्यांनी सांगितलंच असेल, पण एक सांगितलं नसेल. निघायच्या सकाळी ते विहिरीवर एकटेच गेले आणि इकडे-तिकडे बघून बैलांना हळूच 'ब्याक' म्हणाले. मी खिडकीतून पाहिलं. बैलांनी ऐकलं. आबा इतके खूश झाले की मिशा सावरत बसले.

हे मुकादम झाल्यापासून गड्यांना शिकवतात. हाशमभाईंना आता हिअर, देअर, इनसाइड, आउटसाइड सगळं येतं, फक्त ते बैलांशीच बोलतात, साहेबाशी बोलत नाहीत. हे कुठे अडले की मला येऊन विचारतात. बाहेर सांगत नाहीत, तूही सांगू नकोस.

भाऊ, मला एक अडलं आहे, म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले. ऐक. गेल्या दोन आखाज्या मी आपल्याकडेच होते. सगळ्या मैत्रिणी सासरहून यायच्या, त्यांना आणायला मुराळी जायचा, गाडीतून उतरताना त्या गाणी म्हणायच्या. मी दारात उभी राहून त्यांना बघायचे. जी कधी गेलीच नाही ती येणार कशी? झोक्यावर बसले तरी मला झोका लागायचा नाही. तुमच्यापैकी कोणी मला कमी केलं नाही, तरीही मी त्या घरात पाहुण्यासारखी होते, आणि जिथली होते तिथे मला जागा नव्हती. तू पाटीवर 'होम' लिहून दिलंस तेव्हा ते कुठल्या दिशेला आहे हे मला सांगता आलं नसतं.

आता येतं. सकाळी दार उघडलं की निंब दिसतो आणि मोटेचा आवाज येतो. मी हिअर आहे.

पण पुढच्या आखाजीला तू मला न्यायला येशील. तेव्हा साहेबाला सांगताना मी काय म्हणू? जळगावला निघाले की 'आय ॲम गोइंग होम' म्हणावंसं वाटतं. आणि आठ दिवसांनी इकडे परत निघाले की तेही 'गोइंग होम'च. हे म्हणतात, दोन्हींपैकी एक चूक असणार, मास्तरांना विचार. मला वाटतं दोन्ही बरोबर आहेत, पण तू इंग्रजी पाचवी शिकलेला आहेस, तेव्हा तपासून कळव.

आणि मुराळी म्हणून येशील तेव्हा चार दिवस आधी ये. मोऱ्या आणि चांद्याला त्यांच्या मास्तरांचा मास्तर बघायचा आहे.

तुझी,
सुंदर